मोडता येणारं यान

विज्ञानकथा म्हणजे छापलेली कथा, फार तर चित्रपट, असं आपण धरून चालतो. मराठीत विज्ञानसाहित्यावर जे लिहिलं गेलेलं माझ्या वाचनात आलं, ते जवळपास सगळं या हद्दीतलं आहे. मूल मात्र विज्ञानकथेला पहिल्यांदा भेटतं ते वाचून नव्हे, हातानं. फरशीवर प्लास्टिकच्या विटांचा ढीग ओतलेला असतो. आमच्याकडे त्यांना सरसकट ‘ब्लॉक’ म्हणतात. त्यातून काहीतरी लांबोडकं उभं राहतं, त्याला दोन्ही बाजूंना पंख फुटतात आणि तोंडानं आवाज काढत ते खोलीभर फिरतं. हे अंतराळयान आहे असं कुणाला सांगावं लागत नाही.

अशा यानाकडे कलाकृती म्हणून बघता येतं आणि त्याचं बरं-वाईट ठरवता येतं, असं माझं म्हणणं आहे. खेळण्यांवर लिहायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक पालकसभेतला: बुद्धीचा विकास, बोटांचं कौशल्य, एकाग्रता. दुसरा हळवा: आमच्या लहानपणी असं नव्हतं. दोन्ही सूर बाजूला ठेवून एक प्रश्न विचारायचा आहे. चांगलं यान कोणतं? माझी कसोटी सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे वाचकाला ती लेखभर तपासता येईल: जे मोडता येतं ते चांगलं. या ‘मोडण्या’चे दोन अर्थ आहेत आणि दुसरा अर्थ यायला थोडा वेळ लागेल.

आधी वीट. लेगो ही डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी. ओले कर्क क्रिस्तियानसेन या सुतारानं १९३२ साली ती सुरू केली, तेव्हा खेळणी लाकडी होती. प्लास्टिकच्या विटेची मूळ कल्पना त्याची नव्हे. ब्रिटनमध्ये हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ विटा आधीच होत्या आणि १९४९ साली लेगोनं काढलेल्या विटा त्यांच्यावरूनच बेतलेल्या होत्या. त्या एकमेकींवर बसत, पण नीट धरून राहत नसत. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड यानं २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी अर्ज केला तो विटेच्या पोटातल्या पोकळ नळ्यांचा. वरची बटणं या नळ्यांत आणि भिंतींत दाबून बसतात. पकड इतकी घट्ट की रचना हातात उचलता येते, आणि इतकी सैल की पाच वर्षांच्या मुलाला ती सोडवता येते. या खेळण्याचं सगळं मर्म या दोन टोकांमधल्या जागेत आहे. गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावरच्या दुकानांत, पिशवीतून मिळणारे स्वस्त ब्लॉक पाहिले की ही जागा किती अरुंद आहे ते कळतं. काही इतके सैल की यान उचललं की पंख खाली, काही इतके घट्ट की दातांनी सोडवायचे.

दोन बटणांमधलं अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर, चपट्या पट्टीची ३.२. म्हणजे तीन पट्ट्यांची एक वीट. आणि पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात, बरोबर दोन बटणांइतके. हे शेवटचं गणित दिसायला किरकोळ, पण त्यामुळे रचना आडवी वळवता येते, विटा कुशीवर झोपवूनही माप जुळतं. आठ बटणांच्या एकरंगी सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतात? कंपनी बरीच वर्षं सुमारे १० कोटी ३० लाख हा आकडा सांगत असे, पण त्यात फक्त सहा मजली मनोरेच मोजले होते. कोपनहेगनचे गणिती सोरेन आयलर्स यांनी सगळ्या रचना संगणकाकडून मोजून घेतल्या तेव्हा आकडा निघाला ९१,५१,०३,७६५. सहा विटांत एवढं असेल, तर यानाच्या संचात किती, हे मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आता मुख्य कलाकृतीकडे. १९७९ साली लेगोनं ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ नावाचा संच आणला. युरोपात त्याचा क्रमांक ९२८, अमेरिकेत ४९७, तुकडे ३३८. कर्ता येन्स नीगार्ड क्नुडसेन. हात-पाय हलणारी लेगोची छोटी माणसं १९७८ साली आली, तीही याच गृहस्थाची. अपोलो-११ उतरून दहा वर्षं झाली होती, ‘स्टार वॉर्स’ येऊन दोन. यानाचा आकार लांब निमुळत्या बाणासारखा, अंग निळं, जोडीला करडा रंग, खिडक्या पारदर्शक पिवळ्या. पुढे वैमानिकाची जागा, मागे पोटात एक खोली, तिला मागच्या बाजूनं उघडणारी दारं, आत एक छोटी गाडी. बरोबर खड्ड्यांची उंचसखल जमीन आणि एक लहानसं नियंत्रण केंद्र. माणसं चार, दोन लाल पोशाखातली, दोन पांढऱ्या. सगळ्यांच्या छातीवर एकच सोनेरी बोधचिन्ह आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच हसू.

हे यान मी एखादी लघुकथा वाचावी तसं वाचतो. पात्रांना नावं नाहीत. लाल कोण आणि पांढरे कोण, हे पेटीवर सांगितलेलं नाही. शत्रू नाही, तोफ नाही. ‘ब्लॅकट्रॉन’ नावाची काळ्या पोशाखाची मंडळी लेगोच्या अंतराळात आली ती १९८७ साली, आणि त्यांच्यामागे पोलिसांची गस्त लागली १९८९ साली. त्याआधीची आठेक वर्षं या अंतराळात भांडण नव्हतं. मग कथानक काय? उतरणे, दार उघडणे, गाडी बाहेर काढणे, फिरणे, परत येणे. एवढंच. वाचकाला हे कथानक ओळखीचं वाटेल. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा विक्रम उतरला आणि त्याच्या पोटातून २६ किलोचा प्रज्ञान उतारावरून खाली आला, तेव्हा सगळ्या देशानं टीव्हीपुढे बसून हेच कथानक पाहिलं.

पण या यानाचा सगळ्यांत मोठा गुण मला त्याच्या पृष्ठभागात दिसतो. पंखांवर, पाठीवर, नाकावर, जिथं बघावं तिथं बटणं उघडी आहेत. आजच्या हौशी रचनाकारांना हे गावठी वाटतं, ते बटणं गुळगुळीत पट्ट्यांखाली झाकतात. माझं मत उलट आहे. प्रत्येक उघडं बटण म्हणजे ‘इथं आणखी काही लागू शकतं’ असं सांगणारी रिकामी जागा. यान पूर्ण झालं तरी त्याचा पृष्ठभाग आपण पूर्ण झाल्याचं मान्य करत नाही. त्या काळच्या लेगो पेट्यांवर आणखी एक गोष्ट असे. त्याच तुकड्यांतून होणाऱ्या दुसऱ्या रचनांची छायाचित्रं. त्या कशा करायच्या, याची कृती मात्र दिलेली नसे. फोटो पाहायचा, आपलं झालेलं यान मोडायचं आणि शोधून काढायचं. मोडल्याशिवाय दुसरी गोष्ट वाचताच येत नाही अशी ही वही होती.

यानाला पंख कशाला, हा शहाणा प्रश्न इथं येणारच. पोकळीत हवा नाही, पंखांचा उपयोग नाही. विक्रमकडे पाहा: चार पायांवर उभी केलेली, सोनेरी वेष्टनातली पेटी. अपोलोचं चंद्रावर उतरणारं यान तर त्याहून बेढब. तरीही मुलं स्वतःच्या मनानं यान बांधतात तेव्हा पंख असतातच. याचं उत्तर मला सोलापुरातच मिळतं. आमच्या शहराच्या मध्यभागी भुईकोट आहे, दुहेरी तटाचा, खंदकाचा, शेजारी सिद्धेश्वर तलाव. इथली मुलं त्याच्या बागेत खेळून मोठी होतात. पण दिवाळीत अंगणात किल्ला करायची वेळ आली की एकही पोरगं भुईकोट करत नाही. विटा, दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि उभा करायचा तो डोंगरी किल्लाच. कारण किल्ला म्हणजे महाराजांचा, आणि महाराजांचा म्हणजे डोंगरावरचा. समोर दिसतो तो किल्ला वास्तवातला, अंगणातला गोष्टीतला. यानाचे पंखही तसेच, ते गोष्टीतून आलेले आहेत. त्यांना भौतिकशास्त्राचे गुण देऊन नापास करणं म्हणजे मावळा तोफेपेक्षा मोठा का, म्हणून किल्ल्याला नापास करण्यासारखं आहे.

पंखांचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. यान हातात धरून उडवायचं असतं, आणि उडतं आहे असं वाटायला त्याला पुढचं-मागचं, वरचं-खालचं हवं. पेटी हातात धरून फिरवली तर ती पेटीच राहते.

इथून पुढे मामला बिघडतो, आणि तो कसा बिघडला हे समजायला चित्रपटांच्या कार्यशाळेत डोकवावं लागेल. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) आणि नंतर ‘स्टार वॉर्स’ (१९७७) यांतली यानं म्हणजे मॉडेलं होती. प्रचंड आकाराचा भास व्हावा म्हणून त्यांच्या अंगावर बारीक बारीक यंत्रभाग हवे होते. ते करणाऱ्यांनी बाजारातली रणगाड्यांची, विमानांची, जहाजांची प्लास्टिक मॉडेल-किट फोडली आणि त्यांचे तुकडे यानाला चिकटवले. रणगाड्याचं चाक यानाचं झडप झालं. याला किटबॅशिंग म्हणतात, आणि अंगावरच्या त्या अर्थहीन पण कामाच्या वाटणाऱ्या कलाकुसरीला ग्रीबल. मला हा विसाव्या शतकातल्या कारागिरीचा एक मोठा शोध वाटतो. कशाचा काय उपयोग, हे करणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि पाहणाऱ्याला मात्र सगळ्याचाच काहीतरी उपयोग असणार असं वाटतं.

१९९९ साली लेगोनं ‘स्टार वॉर्स’चे संच आणायला सुरुवात केली. त्यातलं ‘मिलेनियम फाल्कन’ हे यान २००७ साली ५,१९५ तुकड्यांत आलं, २०१७ साली ७,५४१ तुकड्यांत. अप्रतिम काम आहे. छोट्या माणसांची रोलर स्केट, नळाच्या तोट्या, दुर्बिणी असे तुकडे ग्रीबल म्हणून वापरलेले पाहिले की टाळी द्यावीशी वाटते. पण थांबून विचार केला की हसू येतं. मूळ फाल्कन खेळण्यांचे तुकडे मनाला येतील तसे जोडून झालं होतं. आता त्या मॉडेलची हुबेहूब नक्कल खेळण्याच्या तुकड्यांतून करायची, आणि एकही तुकडा मनाला येईल तसा जोडायचा नाही. कार्यशाळेत ज्यानं रणगाडा फोडला त्याच्या हातात जे स्वातंत्र्य होतं, नेमकं तेवढंच या पेटीतून काढून घेतलं आहे. हा संच विज्ञानकथा सांगत नाही, तो एका विज्ञानकथेची आठवण जपतो. आठवण जपण्यात वाईट काही नाही, पण काचेच्या कपाटात ठेवलेलं हे यान कुणी मोडणार नाही. साडेसात हजार तुकडे पुन्हा कोण लावणार?

मोठेपणाच मुळात वाईट, असं मात्र मला म्हणायचं नाही. हौशी रचनाकारांत शंभर बटणांहून लांब यानांची स्वतंत्र जात आहे. शंभर बटणं म्हणजे ८० सेंटिमीटर, साधारण लहान मुलाच्या कमरेहून उंच. दर सप्टेंबर महिन्यात असं एक यान महिनाभरात पुरं करायचं, असा रिवाज त्यांनी पाडला आहे. ही यानं कुठल्याही चित्रपटातली नसतात. महिना संपला की बहुतेक मोडली जातात, कारण पुढच्या यानाला तेच तुकडे लागतात. आकार फाल्कनएवढा, पण वृत्ती १९७९ ची.

२०२२ साली कंपनीनं आपल्या नव्वदाव्या वर्षी जुना ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’ पुन्हा काढला, १,२५४ तुकड्यांचा, मुळाच्या दीडपट मापाचा. माइक सियाकी यांची ही रचना. जुन्या नाटकाचा नवा प्रयोग कसा असावा याचा हा नमुना आहे. रंग तेच, माणसं तीच चार, दोन लाल, दोन पांढरी. पाय आता आत घेता येतात, पोटातली खोली ऐसपैस. मुळात जे सुचवून सोडलं होतं ते इथं करून दाखवलं आहे, आणि बऱ्याच ठिकाणी चांगलं केलं आहे. त्याच तुकड्यांतून जुन्या मालिकेतली दोन लहान यानंही करता येतात. पण इथं एक बारीक बदल आहे. या वेळी त्यांची कृतीही दिलेली आहे. पेटीवर नुसता फोटो छापून गप्प बसणारा क्नुडसेनच्या काळचा संपादक मला जास्त आवडतो. तो वाचकावर विश्वास टाकत होता.

लेगो कंपनीला ही गोष्ट कळत नाही असं नाही. २०१४ च्या ‘द लेगो मूव्ही’त बेनी नावाचा जुना निळा अंतराळवीर आहे. त्याच्या शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा भाग तुटलेला दाखवला आहे, कारण त्या काळची शिरस्त्राणं खरोखर तिथंच तुटत. त्याला चित्रपटभर एकच हौस, यान बांधू द्या. आणि चित्रपटभर कुणी ना कुणी त्याला अडवतं. तो शेवटी जे बांधतो ते कृती न बघता, हाताला येतील त्या तुकड्यांतून. मग अर्थातच त्या यानाचाही संच निघाला, सूचनापुस्तिकेसह.

हेच आपल्या अंगणात घडतं आहे. बाजारात दिवाळीआधी प्लॅस्टरचे तयार किल्ले मिळतात, रंगवलेले, पायऱ्या-बुरुजांसकट. आणायचा, ठेवायचा, मावळे मांडायचे. दुसऱ्या टोकाला किल्ले स्पर्धांमध्ये राजगड किंवा रायगड यांची नकाशावरून मोजून केलेली प्रतिकृती असते. या दोहोंना मी एका मापानं मोजत नाही. राजगडाची प्रतिकृती करणाऱ्या मुलांना सुवेळा, संजीवनी, पद्मावती या तिन्ही माच्या कुठल्या दिशेला पसरतात, ते हातानं कळलेलं असतं. ते ज्ञान पुस्तकातून तसं येत नाही. शिवाय चिखलाची प्रतिकृती पावसाच्या एका सरीनं मोडते, पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागते. तयार किल्ला मात्र पोटमाळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी तोच खाली उतरतो. प्रतिकृती असणं हा दोष नाही, न मोडणं हा दोष आहे.

किंमतीचा मुद्दा टाळता येणार नाही. मोठा लेगो संच ही सोलापुरातल्या बहुतेक घरांना परवडणारी गोष्ट नाही, आणि त्यावर कौतुकाचा लेख लिहिणं हा एक प्रकारचा चोचला आहे, हे मला दिसतं. म्हणून इथं अरविंद गुप्तांचं नाव घ्यायला हवं. पुण्याच्या टेल्कोत काम केलेल्या या अभियंत्यानं आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून जोडणीचा एक संपूर्ण खेळ उभा केला. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन बाजूंनी दोन काड्या खुपसायच्या, झाला सांधा. चौकोन केला तर तो डगमगतो, त्रिकोण केला तर ठाम उभा राहतो. लेगोची वीट हे कधी शिकवत नाही, कारण तिचा सांधा मुळातच ताठ आहे. आगकाड्यांचं यान पंखवालं होत नाही, ते सांगाड्याचं होतं, अंतराळ स्थानकाच्या तुळयांसारखं. गंमत अशी की खऱ्या यानांच्या हाडांशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. आणि मोडण्याच्या कसोटीवर ते निळ्या-करड्या बाणाच्याही पुढे जातं: नळी निघाली की काड्या मोकळ्या.

अरविंद गुप्तांचं हे काम पुढे पुण्यात ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञानशोधिकेत बहरलं. ‘आयुका’ उभी केली जयंत नारळीकरांनी. त्याच नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. मराठी विज्ञानकथेचं एक वळण तिथून मोजतात. आणि इथं मला माझ्या कसोटीचा दुसरा अर्थ सांगायचा आहे.

गेली काही वर्षं मी कथांमधली यानं विटांनी बांधून पाहतो. लेखकानं जेवढं सांगितलं तेवढंच वापरायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, हा नियम. छोटा माणूस सुमारे चार सेंटिमीटरचा, म्हणजे प्रमाण साधारण १:४२. या मापानं ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासातला गोळा अगदी सहज बांधता येतो. मराठी वाचकांना ही सफर भा. रा. भागवतांच्या ‘चंद्रावर स्वारी’मुळे ओळखीची आहे. व्हर्न आकडे देतो: अ‍ॅल्युमिनियमचा गोळा, रुंदी नऊ फूट, उंची बारा फूट, भिंत एक फूट जाड. माझ्या प्रमाणात रुंदी आठ बटणं, उंची नऊ विटा, भिंत साधारण एक बटण. आत राहतात सहा बटणं. त्यात तीन माणसं एका ओळीत उभी राहत नाहीत, हात एकमेकांना अडतात. त्यांना त्रिकोणात उभं करावं लागतं. शिवाय दोन कुत्री. गर्दी होते, आणि ती गर्दी कादंबरीत आहेच, ती हाताला लागली एवढंच. गोळा ज्या तोफेतून सुटतो ती नऊशे फुटांची. ती बांधायची तर साडेसहा मीटर लांब होईल, सुमारे ६८० विटांचा मनोरा. ती मी बांधलेली नाही.

मग पाणी. सुटताना बसणारा धक्का सोसायला व्हर्ननं गोळ्याच्या तळाशी तीन फूट पाण्याचा थर ठेवला आहे. पारदर्शक निळ्या विटांनी तो बांधला की दिसतं, उंचीचा चौथा हिस्सा पाण्यानंच खाल्ला. आणि एवढं करून ते पाणी उपयोगाचं नाही. सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर हा वेग नऊशे फुटांच्या नळीत गाठायचा तर प्रवाशांवर गुरुत्वाच्या बावीस हजार पट जोर पडेल. शाळेतल्या सूत्रानं हा आकडा काढता येतो. ते तिघे तोफेच्या तोंडापर्यंत जिवंत पोचत नाहीत.

म्हणजे व्हर्नचं यान मोडता आलं. त्याला दार, भिंत, पाणी, माप होतं, म्हणून त्याची चूकही दाखवता आली. ‘मोडता येणं’ याचा दुसरा अर्थ हा. ज्या यानाला शरीर आहे त्याच्याशी वाद घालता येतो. आणि वाद घालूनच पुढचं यान होतं. चांद्रयान-२ चा विक्रम ७ सप्टेंबर २०१९ रोजी आदळला, तेव्हा पुढच्या विक्रमचं मधलं पाचवं इंजिन काढलं गेलं आणि पाय मजबूत केले गेले.

‘कृष्णविवर’ बांधायला बसलो तेव्हा माझ्या हाताला काही लागेना. कृष्णविवराजवळ काळ संथ होतो, हा सापेक्षतेचा निष्कर्ष त्या कथेचा नायक आहे आणि तो पक्का आहे, त्याला कुणी मोडू शकत नाही. यान मात्र त्या निष्कर्षाला तिथवर पोचवणारं वाहन, रिक्षासारखं. काम झालं की विसरायचं. मला ती कथा आजही आवडते. विचाराची अशी शिस्त त्याआधीच्या अद्भुत कथांत फारशी नव्हती, आणि नारळीकर भौतिकशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांना विचार पुरेसा वाटला असणार. माझी तक्रार नंतरच्या पिढीतल्या अनुकरणाबद्दल आहे. शेकडो कथांतली यानं ‘वेगानं झेपावतात’, ‘अलगद उतरतात’, त्यांच्यात ‘अत्याधुनिक यंत्रणा’ असते, आणि माणसं ‘नियंत्रण कक्षात’ बसतात. दार कुठं आहे, जेवण कुठं शिजतं, खिडकीतून काय दिसतं, काही नाही. अशी यानं बांधता येत नाहीत म्हणून मोडताही येत नाहीत. त्यांच्यातली चूक कुणी दाखवत नाही, कारण चूक व्हायला जागाच ठेवलेली नसते. दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा वाचताना मला हा गुळगुळीतपणा खटकतो. वर ज्या झाकलेल्या बटणांबद्दल बोललो तोच हा, फक्त शब्दांत उतरलेला.

एक शंका मी स्वतःलाच घातली. १९७९ च्या यानातही जेवण कुठं शिजतं ते नाही. मग ते अपुरेपण गुण आणि हे अपुरेपण दोष, असं का? फरक बटणांचा आहे. विटांच्या यानात जे नाही ते लावायची जागा दिसते. स्वयंपाकघर हवं, तर पोटातली गाडी काढा आणि चार विटांचा ओटा घाला. कथेतल्या यानाला धरायला काहीतरी टोक हवं, एखादं माप, एखादी कुरकुरणारी बिजागरी, एखादी कोंदट खोली, जिथं वाचक आपली वीट लावेल.

सध्या माझ्या टेबलावर व्हर्नचा गोळा अर्धा उघडा आहे. तळातलं पाणी काढून तिथं दाबली जाणारी स्प्रिंग बसवली तर किती जोर कमी होईल, याचं गणित शेजारच्या नववीतल्या मुलीनं मांडलं. नऊशेच्या जागी नऊशे तीन फूट, एवढाच फायदा निघाला. मग तिनं विचारलं, तोफ लांब करत गेलो तर? माणसाला सोसेल इतका, म्हणजे गुरुत्वाच्या तिप्पट जोर धरला तर तोफ दोन हजार किलोमीटरच्या घरात जाते. १:४२ च्या प्रमाणात ती आमच्या गल्लीतून निघून जवळजवळ पन्नास किलोमीटरवर, मोहोळच्याही पुढे जाऊन संपते. तिनं तोफ सोडून दिली आणि गोळ्याच्या तळाला चार इंजिनं लावली. त्यासाठी भिंतीतल्या विटा कमी पडल्या, म्हणून एका बाजूची भिंत तिनं काढून टाकली आहे, आणि आता हवा कशी धरून ठेवायची यावर आमचा वाद चालू आहे.